तिरक्या पट्टीचा आधार

धरणगावात आमच्या घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे या नावाने बनणाऱ्या गाडीला १९७४ पासून हे नाव मिळाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये थांबली. आमची मात्र अजून चालते. पण तिने मला एक धडा दिला, तो आज सांगतो.

जुन्या जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असतो. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. तिचा पत्रा हीच तिची हाडे. त्यातही पुढचा भाग इंजिनासाठी मोकळा ठेवलेला. म्हणजे दोन्ही बाजू दोन हातांसारख्या पुढे आलेल्या. एक चाक खड्ड्यात गेले, की एक हात वर, एक खाली, आणि सगळे तोंड पिळवटते.

एरंडोलच्या रस्त्यावर आमचे स्टिअरिंग थरथरू लागले. पाहतो तो पुढच्या जोडाला चीर! एका मिस्त्रींनी त्यावर जाड पत्रा वेल्ड करून दिला. एक पावसाळा गेला, आणि त्या जाड पत्र्याच्या कडेलाच नवी चीर पडली. पिळवट होती तशीच राहिली होती. फक्त तिने जागा बदलली होती.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "सर, गोठ्याचं फाटक लोंबलं तर काय करता?"

म्हटलं, "तिरकी पट्टी मारतो."

"मग इथं वेगळं काय?"

मी इतकी वर्षे भूमिती शिकवतो, पण हे मला सुचले नव्हते! शिक्षकबंधूंनी वर्गात करून पाहावे. चार पट्ट्यांचा चौकोन खिळ्यांनी जोडा, दाबताच कलतो. तिरकी पट्टी ठोका. दोन त्रिकोण होतात, आणि तो हलत नाही.

मिस्त्रींनी बॅटरी सोडली, पेट्रोलची नळी बाजूला केली आणि गंजका पत्रा कापून त्याच जाडीचा नवा बसवला. गाडी समतल टेकवून दोन्ही कर्ण मोजले. वाकड्या गाडीला आधार जोडला, तर वाकडेपणच पक्के होते. मग एक आडवी नळी, आणि दोन तिरक्या नळ्या बैठकीपुढच्या भिंतीपर्यंत. टोकांना रुंद पट्ट्या, म्हणजे भार पसरतो. नळ्या बोल्टने बसवल्या, म्हणजे इंजिन काढता येते.

शेवटी एक परीक्षा सांगतो. पुढचे एक चाक जॅकवर उचला आणि त्या बाजूचे दार उघडून लावून पाहा. अडकले, तर दाराखालचा पत्रा गंजला आहे असे समजून आधी तो तपासा. कुजक्या खांबाला तिरकी पट्टी ठोकून घर वाचत नाही. आधार द्यायचा, तो धडधाकट जागेपासून धडधाकट जागेपर्यंत. गाडीत आपलीच मुलेबाळे बसतात.