काल, उद्यां आणि परवां

तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा येथें टेकड्यांच्या कुशींत मोठा तलाव आहे. त्याचें पाणी धानाच्या बांधींत केव्हां येणार, हा तेथील शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न. ‘कल का पानी’ एवढेंच शब्द कानीं पडले, तर पाणी येऊन गेलें असें समजावें, कीं यावयाचें आहे असें? गोंदिया जिल्ह्यांत मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी शेजारीं नांदतात. तेथें हा घोटाळा केवळ पुस्तकी नाहीं.

मराठीला हा प्रश्न पडत नाहीं. तिचा ‘काल’ गेलेलाच असतो. पण हा ‘काल’ म्हणजे संस्कृतांतील ‘काळ, समय’ या अर्थाचा शब्द, अशी जी समजूत आहे ती चुकीची. त्याचा पूर्वज ‘कल्य’, म्हणजे पहाट. ‘अद्य’, ‘अज्ज’, ‘आज’ ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वाटेनें ‘कल्य’, ‘कल्ल’, ‘काल’ असा प्रवास झाला. जोडाक्षर मोडतांना मागचा स्वर दीर्घ होतो. हिंदीनें ‘आज’मध्यें हा नियम पाळला आणि ‘कल’मध्यें सोडला, भाषा अशा लहरी असतात.

संस्कृतांत गेल्या दिवसाला ‘ह्यः’ आणि येत्या दिवसाला ‘श्वः’ असे वेगळे शब्द होते. ते इतके इवलेसे, कीं बोलतां बोलतां झिजून गेले, आणि दोघांच्या जागीं पहाट बसली. पहाट गेलेलीही असते, यावयाचीही असते. म्हणून गुजराती माणसाला ‘गई काले’ व ‘आवती काले’ असें फोडून सांगावें लागतें. मराठीनें ‘काल’ मागें ठेवला व पुढच्या दिवसासाठीं ‘उदय’ धरला. जुनें ‘उदईक’ रूप ‘उद्यां’चें हें कूळ सांगतें. इंग्रजी ‘टुमारो’ व जर्मन ‘मॉर्गेन’ हेही सकाळींतूनच निघाले. गंमत अशी, कीं ‘यस्टर्डे’चा पूर्वार्ध ‘ह्यः’चा सगोत्र आहे. आपल्याकडे बुडालेलें घराणें इंग्लंडांत नांदतें आहे!

तथापि मराठीनें हिंदीला फार हसूं नये. ‘पाहुणे परवां आले’ आणि ‘पाहुणे परवां येतील’, दोन्ही वाक्यें मराठीच. ‘परवां’ आला ‘परश्वः’ पासून, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ उद्यांच्या पलीकडचा दिवस. हिंदी ‘परसों’ही त्याचाच भाऊ आणि तितकाच दुतोंडी. एकेकाळीं स्वतंत्र असलेला ‘श्वः’ आज अशा शब्दांच्या शेपटींत उरला आहे.