सायकली राखणारा मित्र
(हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सकाळी मुलांचे संचलन पाहताना मला आपला जुना सायकलतळ आठवला. आमच्या वर्गात कॅलिपर लावून येणारा एक मित्र होता; पोलिओने त्याचा डावा पाय अधू केला होता. खेळाच्या तासाला आम्ही मैदानावर जात असू आणि तो आमच्या सायकली राखत बसे. नुसत्या घंटीवरून कोणाची सायकल आली हे तो सांगे आणि आम्हांला त्याचे मोठे कौतुक वाटे. त्यालाही सायकल चालवावीशी वाटते का, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलांकडूनच मिळत गेले. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला. पण सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा अंधत्व असलेली मुले आजही आपल्यात आहेत, आणि त्यांचेही बालपण इतरांइतक्याच लवकर सरते.

त्यांच्यासाठी सायकल बदलता येते. तोल राहत नसेल तर तीन चाके. धड सावरत नसेल तर पाठीला टेका आणि पट्टा. पाऊल पायडलवरून घसरत असेल तर टाच धरून ठेवणारा आधार. पाय चालत नसतील तर हातांनी फिरवायची सायकल. न दिसणाऱ्या मुलासाठी दोघांची टँडेम सायकल : पुढे डोळस साथीदार, मागे तो, आणि श्रम दोघांचे. एक सावधगिरी मात्र हवी. तीनचाकी सायकल वळणावर कलत नाही, म्हणून वेगात वळवल्यास उलटू शकते. बैठक खाली आणि वेग बेताचा असावा.

ही कल्पना नवी नाही. न्यूरेंबर्गच्या श्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीने 1655 साली हातांनी चालणारी तीनचाकी गाडी स्वतःसाठी घडवली. आपल्या हैदराबादच्या आदित्य मेहतांनी एक पाय गमावल्यावर आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत पदके मिळवली.

सरकारी योजनेतून मिळणारी हाताची तीनचाकी आपण रस्त्यावर पाहतो. कामावर जाण्याचे ते मोलाचे साधन आहे. पण मुलाला कुठे जायचे नसते. त्याला नुसती एक फेरी मारायची असते! ‘सायकलीमुळे हा चालू लागेल का?’ असे आया मला विचारतात. तसे वचन मी देत नाही. स्नायूंना व्यायाम मिळतो, दम वाढतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ढकलले जाणारे मूल प्रथमच स्वतः पुढे जाते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणाबरोबरच खेळाची समान संधीही शाळांकडे सोपवली आहे. आपल्या मैदानाकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत. या हीरकमहोत्सवी वर्षात तेथे एक उतार बांधावा आणि अशा दोन सायकली घ्याव्यात, ही माझी विनंती आहे. पहिल्या सायकलीचा खर्च मी उचलते.

त्या मित्राचे ऋण आता फेडता येणार नाही. पण यापुढे या शाळेत कोणतेही मूल केवळ दुसऱ्यांच्या सायकली राखत बसणार नाही, एवढे आपण नक्की करू शकतो.