फ्रेंच पंक्तींतील परका पाहुणा

फ्रान्समधील एखाद्या घरीं सणासमारंभाच्या जेवणाचें आमंत्रण असलें, तर दोन-तीन तास सहज जातील हें समजूनच पाहुणे निघतात. आरंभीं भूक जागी करणारें एखादें पेय, मग हलकासा पदार्थ, त्यानंतर भाजीपाल्यासह मासे किंवा मांस, पुढें चीज, शेवटीं गोड पदार्थ, आणि सर्व आटोपल्यावर लहानशा पेल्यांत थोडें तीव्र मद्य. पदार्थ एकामागून एक येतात, त्यांच्या जोडीचें द्राक्षासव विचारपूर्वक निवडलेलें असतें, आणि संभाषण शेवटपर्यंत चालू राहतें. २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत या जेवणाचा समावेश केला. तो मान कोणा एका पक्वान्नाचा नव्हे. जन्म, विवाह, वाढदिवस अशा प्रसंगीं एकत्र बसून नीटनेटकें खाण्यापिण्याच्या रीतीचा तो मान आहे.

या पंक्तींत व्हिस्की ही मुळांत परकी. फ्रेंच भोजनापासून स्फूर्ति घेतलेली म्हणून सिंगल माल्ट व्हिस्की आज बाजारांत येते, तेव्हां द्राक्षांच्या देशांत सातूच्या मद्यास जागा कशी मिळाली, आणि ती कोणत्या अटीवर शोभते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या सातूपासून एकाच कारखान्यांत तयार झालेली व्हिस्की. सातू भिजवून त्यांस मोड आणतात, वाळवितात, दळून गरम पाण्यांत कालवितात. त्यांतून निघालेला गोड रस आंबवून तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोनदां त्याचें ऊर्ध्वपातन करतात. जें मद्य हातीं येतें तें पाण्यासारखें स्वच्छ असतें. रंग, आणि स्वादाचाही मोठा भाग, त्यास मागाहून ओकच्या पिपांत मिळतो. अशा पिपांत निदान तीन वर्षें राहिल्यावांचून स्कॉटलंडमध्यें त्यास स्कॉच व्हिस्की म्हणतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील सुखवस्तु मंडळींचें आवडतें पेय म्हणजे फ्रेंच ब्रँडी व सोडा. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील द्राक्षवेली अकारण सुकूं लागल्या. १८६८ सालीं माँपेलिये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनीं मुळें खणून पाहिलीं, तेव्हां त्यांवर पिवळसर सूक्ष्म कीटक आढळले. अमेरिकेंतून आलेला हाच तो फिलॉक्सेरा. पुढील वर्षांत त्यानें कोन्याकचे मळेही उजाड केले. अखेर अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधण्याचा उपाय लागू पडला. परंतु तोंवर असंख्य शेतकरी कुटुंबें देशोधडीला लागलीं होतीं. ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि तिची रिकामी जागा स्कॉच व्हिस्कीनें घेतली. एका देशाचें दुर्दैव दुसऱ्याच्या व्यापारास असें फळलें.

पुढें विसाव्या शतकांत फ्रान्स स्वतःच स्कॉचचें मोठें गिऱ्हाईक बनला. मात्र तेथें व्हिस्की पुष्कळदां जेवणापूर्वीं घेतली जाते. जुन्या भोजनशास्त्रास हें मानवणारें नाहीं. बेले गांवीं जन्मलेला न्यायाधीश ब्रिया-सावारें यानें १८२५ च्या अखेरीस रुचीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. पेयांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे जावा, असा त्याचा दंडक आहे. प्रथमच तीव्र मद्यानें जीभ बधिर झाली, तर पुढील नाजूक रस्सा आणि मासे यांची चव कोणी घ्यावी? या नियमानें व्हिस्कीची जागा जेवणाच्या अखेरीस, जेथें कोन्याक बसत असे तेथें आहे. त्या पेल्यास पाचक म्हणतात खरें, पण तो रूढीचा मान. तीव्र मद्यानें पोट लौकर हलकें होतें, असें शरीरशास्त्र म्हणत नाहीं.

फ्रेंच पंक्तीशीं सख्य जोडण्याचे दोन मार्ग व्हिस्कीच्या कारखानदारांनीं काढले. पहिला पिपांचा. बोर्दो प्रांतांतील सोतेर्न येथें एका विशिष्ट बुरशीनें सुकलेल्या द्राक्षांपासून मधुर आसव करतात. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर किंवा गोड पदार्थांबरोबर तें घेतलें जातें. त्याचीं रिकामीं पिपें आणून ग्लेनमोरँजी या स्कॉच कारखान्यानें आपली मुरलेली व्हिस्की त्यांत आणखी कांहीं काळ ठेवली आणि तिला 'नेक्टार डॉर' असें फ्रेंच नांव दिलें. लाकडांत शोषलेलें आसव व्हिस्कींत उतरतें. नव्या पिपांचें लाकूडही फ्रान्समध्यें विपुल आहे. त्राँसे येथील ओकचें अरण्य चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें आरमारासाठीं राखलें. लढाऊ जहाजें लोखंडाचीं झालीं, आणि तेथील उत्तम ओक आतां पिपांस उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग फ्रान्समध्येंच व्हिस्की करण्याचा. ब्रिटनी प्रांतांत लानियाँ येथें १९०० सालीं निघालेला वारेंगेम यांचा कारखाना प्रथम वनस्पतींचे मधुर अर्क काढीत असे. त्यानें १९८७ सालीं व्हिस्की व १९९८ सालीं 'आर्मोरिक' ही सिंगल माल्ट बाजारांत आणली. २०१५ सालीं ब्रिटनी व अल्सास या दोन प्रांतांच्या व्हिस्कीस स्थाननिदर्शक नांवाचें कायदेशीर संरक्षण मिळालें.

परंतु फ्रेंच नांव किंवा फ्रेंच पीप यांमुळें कोणतेंही मद्य पंक्तीस योग्य ठरत नाहीं. पिपाच्या गोडव्यानें सातूचा स्वाद झांकून टाकला, तर तें सातूचें मद्य कशाला म्हणावें? पंक्तींत बसणाऱ्या पेयानें शेजारच्या पदार्थाची चव खुलवावी, आणि आपली वेळ व आपलें माप संभाळावें. पाण्याचे दोन थेंब, लहान पेला, आणि जोडीस जुनें चीज किंवा सफरचंदाची गोड खापरी. व्हिस्कीचा फ्रेंच थाट एवढाच. मापाची काळजी फ्रान्सच्या सरकारनेंही घेतली आहे: १९९१ च्या एव्हाँ कायद्यानें तेथें मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधनें घातलीं.

भारताशीं या गोष्टीचा संबंध दूरचा नाहीं. २०२२ सालीं स्कॉचच्या खरेदींत भारतानें प्रमाणाच्या हिशेबानें फ्रान्सला मागें टाकलें. त्या वर्षीं सुमारे २१ कोटि ९० लाख बाटल्यांइतकी स्कॉच या देशांत आली. येथील शहरी मेजवान्यांत पुष्कळदां पेयपानच मध्यरात्रीपर्यंत लांबतें, आणि रांधणाऱ्या गृहिणीचें निवलेलें अन्न मागाहून घाईनें उरकलें जातें. तिच्या श्रमांचा त्यांत अनादर होतो, आणि पाहुण्यांसही तें अन्न चवीनें खातां येत नाहीं. फ्रेंच पंक्तीपासून घेण्यासारखें कांहीं असेल, तर अन्नास प्रथम मान देण्याची तिची रीति. ती ज्या घरीं आहे, तेथें मद्याचा पेला नसला तरी पंक्तींत कांहीं उणें पडत नाहीं.