परवान्यामागील प्रशिक्षण
ॲस्बेस्टॉसचा सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसत नाही. तो श्वासावाटे फुप्फुसात शिरला तर आजार कित्येक दशकांनी प्रकट होतो. म्हणूनच अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने शाळांतील ॲस्बेस्टॉस काढणाऱ्यांस प्रशिक्षण व मान्यता अनिवार्य केली. १९९४ च्या सुधारित आराखड्यानुसार कामगारास ४ दिवसांचे, पर्यवेक्षकास ५ दिवसांचे प्रशिक्षण, लेखी परीक्षा व दरवर्षी उजळणी आवश्यक ठरली. जागा बंदिस्त करणे, माल भिजवून काढणे, मुखवटा नीट बसविणे हे कामगार प्रत्यक्ष करून शिकतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. शाळेवरील ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे जुने पत्रे उतरविताना ते फोडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत.