निवारा आणि शेजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेघरांसाठी निवारा बांधण्याचा ठराव नगरपालिकेच्या सभेत येतो तेव्हा त्याला सहसा कोणी विरोध करीत नाही. दोन-चार भाषणे होतात, गाडगे महाराजांचे स्मरण होते आणि ठराव एकमताने मंजूर होतो. विरोध सुरू होतो तो जागा ठरल्यानंतर. ज्या वॉर्डात निवारा व्हावयाचा त्या वॉर्डातील गृहनिर्माण संस्थांच्या बैठका भरतात, निवेदन तयार होते, सह्या गोळा होतात. निवेदनाचा आशय गावोगाव जवळपास एकच असतो: निवारा जरूर व्हावा, परंतु तो येथे होऊ नये. या निवेदनावर सर्व पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या सह्या असतात आणि त्यांत समाजवादी म्हणविणाऱ्यांच्याही असतात. प्रश्नाचा विचार अभ्यासवर्गात करावयाचा तो याच कारणासाठी. विरोधी पक्षाच्या धोरणावर टीका करणे सोपे असते. स्वतःच्या मतदारासमोर उभे राहून त्याला न आवडणारी गोष्ट समजावून सांगणे अवघड असते, आणि कार्यकर्त्याची कसोटी तेथेच लागते.

प्रथम हे बेघर कोण, ते पाहिले पाहिजे. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जे घर म्हणता येईल अशा वास्तूत राहत नाहीत, जे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ते बेघर. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मोजणी झाली. देशात असे १७ लाख ७३ हजार लोक आढळले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत खेड्यांतील बेघरांची संख्या घटली, तर शहरांतील संख्या ७ लाख ७९ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेली. एका रात्रीत, अंधारात, हिंडत्या माणसांची केलेली ही मोजणी पुरी असणे शक्य नाही. तरीही तिने एक गोष्ट निर्विवादपणे सांगितली. खेड्याने बाहेर टाकलेला माणूस शहरात येतो आणि शहर त्याला काम देते, पण जागा देत नाही.

काम देते, हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. बेघर म्हणजे भिकारी, हे समीकरण मध्यमवर्गीय मनात घट्ट बसलेले आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. लग्नसराईत पंगती वाढणारा आणि भांडी घासणारा पोऱ्या, मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा बिगारी, रात्री मंडईत माल उतरवून तेथेच पोत्यावर अंग टाकणारा हमाल, कचरा वेचणारी बाई, यांतील अनेकांना शहरात घर नसते. मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर पदपथावर दिवस काढणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हेही बेघरच असतात. गावाकडे त्यांचे घर असेलही, पण उपचार गावात नसतात. मुलांनी सोडलेले वृद्ध, मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेली स्त्री आणि मनाचा तोल गेलेला माणूस यांची गणतीही येथेच करावी लागते. १९८५ साली स्पार्क या संस्थेने मुंबईच्या भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा ती बहुतांशी कष्ट करून पोट भरणारी कुटुंबे आहेत असेच दिसून आले.

त्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निर्णय दिला. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या उठविण्याची मोहीम तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी हाती घेतली होती, तिच्याविरुद्धचा हा खटला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे घटनापीठाने मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही न्यायालयाने कायम ठेवला. तत्त्व गरिबाच्या पदरात पडले आणि पदपथ महापालिकेकडे राहिला. जगण्याचा हक्क आहे, पण रात्री पाठ टेकण्याचा हक्क कोठे बजावायचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला.

त्याला काहीसे उत्तर मिळाले ते पंचवीस वर्षांनी. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या महापालिकेने पुसा रोडवरील तंबूचा रात्रनिवारा उठविला आणि ऐन थंडीत तेथील माणसे उघड्यावर पडली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना व हर्ष मंदर यांनी ही गोष्ट जानेवारी २०१० मध्ये न्यायालयापुढे मांडली. त्यातून मोठ्या शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा राहावा, असा दंडक निघाला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याला योजनेचे रूप दिले. माणशी किमान ५० चौरस फूट जागा हे त्या योजनेचे माप. पुढे योजनेची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाला न्या. कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे निवारा ही कोणा नगराध्यक्षाची लहर नाही किंवा कोणा पक्षाची खैरातही नाही. ती कायद्याने आणि न्यायालयाने शासनावर टाकलेली जबाबदारी आहे.

आता नागरिकांच्या आक्षेपांकडे वळावयाचे. त्यांतील पहिला आक्षेप पैशाचा असतो. आमच्या कराच्या पैशातून या लोकांना फुकट का पोसावे, असे विचारले जाते. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे: कर भरतो तो फक्त आयकर भरणारा. पदपथावर झोपणारा माणूस साबणाची वडी घेतो, चप्पल घेतो, बिडी ओढतो, आणि त्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत कर भरतो. त्याला पावती मिळत नाही एवढेच. दुसरे असे की, घरासाठी सरकारी तिजोरीतून मदत मिळते ती केवळ बेघरालाच, ही समजूतही खरी नाही. जुन्या करपद्धतीत स्वतः राहावयाच्या घराच्या कर्जावरील व्याजापैकी वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा होते. तीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यामुळे वर्षाला साठ हजार रुपये वाचतात. हे साठ हजार तिजोरीत यावयाचे असतात आणि येत नाहीत. त्याला कोणी खैरात म्हणत नाही. ही सवलत वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्याला घर घेण्यासाठी समाजाने हात दिला, त्याने ५० चौरस फुटांचा हिशेब मागताना थोडे थांबावे. एक मोटार उभी करावयास १०० चौरस फुटांहून अधिक जागा लागते, आणि आपल्या शहरांत ती जागा बहुतेक वेळा सार्वजनिक रस्त्यावर, विनामूल्य, रात्रभर मिळते.

याच प्रश्नावरील सुनावणीत १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशी खंत व्यक्त केली की, निवडणुकीपूर्वी जाहीर होणाऱ्या मोफत सवलतींमुळे लोक काम करावयास तयार नसतात. काम मिळत असताना ते नाकारणारा माणूस विरळा, असे उत्तर ॲड. प्रशांत भूषण यांनी तेथेच दिले. त्याला एका गोष्टीची जोड दिली पाहिजे. ज्या सवलतींचा उल्लेख झाला त्या मिळविण्यासाठी शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा, बँकेचे खाते यांची गरज लागते. ज्याला पत्ताच नाही त्याच्यापर्यंत या सवलती पोहोचत नाहीत. सवलतींनी आळशी झालेल्यांची यादी करावयाची झाली तर तीत बेघराचे नाव सर्वांत शेवटी येईल.

आणखी एक खर्च आहे, ज्याला करदात्याने कधीच हरकत घेतलेली नाही. मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम १९५९ सालचा. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेदेखील त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत बसविले आहे आणि त्यासाठी माणसाला भिक्षेकरीगृहात वर्षानुवर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. पकडणे, न्यायालयात उभे करणे, डांबून ठेवणे हे सारे कराच्याच पैशातून होत आले. त्या खर्चाविरुद्ध कोणत्या गृहनिर्माण संस्थेने निवेदन दिले? बेघराला कोंडण्यावर झालेला खर्च डोळ्यांना दिसत नाही. त्याला उशी देण्यावर होणारा खर्च मात्र खुपतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चोऱ्या वाढतील, मुलीबाळींना रस्त्याने जाणे कठीण होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. या भीतीची टवाळी करणे चुकीचे आहे. संध्याकाळी कामावरून एकटी परतणारी स्त्री हा प्रश्न विचारीत असेल तर तिला उत्तर मिळालेच पाहिजे. उत्तर असे की, निवाऱ्यात येणारा माणूस आज त्याच शहरात आहे, त्याच रस्त्यावर, दिव्याविना आणि नोंदीविना. निवारा झाला म्हणजे तेथे दिवा येतो, नोंदवही येते, रखवालदार येतो, शौचालय येते. आणि रात्री उघड्यावर झोपणाऱ्या बाईला जे सोसावे लागते त्याची भीती सहीच्या निवेदनात कधी लिहिलेली नसते. सुरक्षितता ही तिचीही गरज आहे, शेजाऱ्यांच्याही आधी.

चोरीच्या संशयाचा आणखी एक इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पारधी म्हटले की चोर, हे मनातील कलम रद्द झाले नाही. शहरांतील पुलाखाली आणि सिग्नलवर आजही पारधी कुटुंबे दिसतात. त्यांना गावाने घालविले, पोलिसांनी हुसकले आणि आता निवाऱ्याच्या दारातही तोच शिक्का त्यांची वाट पाहत असेल, तर स्वातंत्र्याने त्यांना काय दिले?

तिसरा आक्षेप जागेचा, आणि यातील एक भाग पूर्णपणे न्याय्य आहे. सधन वस्तीने विरोध केला की निवारा सरकतो. तो सरकत सरकत कचरा डेपोच्या, स्मशानाच्या किंवा नाल्याच्या कडेला, म्हणजे गरिबांच्याच वस्तीत येऊन थांबतो. तेथील माणूस विचारतो की शहराला नको असलेले सारे आमच्याच माथी का? त्याला स्वार्थी म्हणणे हा अन्याय होईल. शिवाय निवारा कामाच्या जागेपासून दूर गेला की तो रिकामा राहतो. पहाटे मंडईत हजर व्हावयाचा हमाल तीन मैलांवर झोपावयास जाणार नाही. नवऱ्याला एकीकडे आणि बायकोमुलांना दुसरीकडे ठेवणारा, ओळखपत्र मागणारा, सामान ठेवू न देणारा निवाराही रिकामाच राहतो. मग त्या रिकाम्या खाटा दाखवून सांगितले जाते की या लोकांना निवारा नकोच आहे. चुकीच्या जागी बांधायचा आणि ओस पडल्यावर दोष बेघराला द्यावयाचा, हा व्यवहार ओळखला पाहिजे. निवारा मंडई, स्थानक, एस. टी. आगार, मोठे रुग्णालय यांच्याजवळच हवा, मग तेथील जमिनीचा भाव काही असो.

गाडगे महाराजांचे नाव प्रारंभी आले. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. महाराष्ट्राला त्यांचा योग्य अभिमान आहे. थंडीत घोंगड्या वाटणारी मंडळे आजही गावोगाव आहेत, त्यांत निवेदनावर सही करणारेही असतात, आणि त्यांची कणव खोटी नसते. मग धर्मशाळेला पावती फाडणारा माणूस पालिकेच्या निवाऱ्याला विरोध का करतो? कारण दानात देणाऱ्याची मर्जी राहते. घोंगडी दिली की घेणारा वाकतो आणि निघून जातो. करातून उभा राहिलेला निवारा घेणाऱ्याला वाकावयास सांगत नाही. तो त्याला पत्ता देतो, त्या वॉर्डाचा रहिवासी करतो, उद्या मतदारयादीत आणतो. दयेला दूरचा माणूस चालतो, हक्क मात्र शेजारी राहावयास येतो. विरोधाचे मूळ येथे आहे. समाजवादाचा आग्रह दानाच्या विरुद्ध नाही. एखाद्याची रात्र कशी जावी हे दुसऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसावे, एवढाच तो आग्रह आहे.

मग कार्यकर्त्याने काय करावे? जागा ठरण्यापूर्वी वॉर्डात सभा घ्यावी. गुपचूप निर्णय झाला की संशय वाढतो. शेजाऱ्यांच्या योग्य मागण्या, म्हणजे पुरेशी शौचालये, सांडपाण्याची सोय, रस्त्यावर दिवे, स्त्रियांसाठी वेगळा कक्ष आणि स्त्री कर्मचारी, या आपल्या मागण्या म्हणून पालिकेपुढे मांडाव्यात. देखरेख समितीत शेजारच्या रहिवाशांबरोबर निवाऱ्यात राहणाऱ्यांनाही जागा असावी. निवारा हे घर नव्हे, याचेही भान सुटू नये. भाड्याची स्वस्त घरे, वेतनाची हमी आणि खेड्यातील शेती यांचे प्रश्न सुटल्याखेरीज निवाऱ्यापुढील रांग संपणार नाही. पण ते सारे होईपर्यंत माणसाने पावसात झोपावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आणि शेवटची गोष्ट नगरसेवकांविषयी. पक्षाचा प्रतिनिधी सभागृहात ठरावाला मत देतो आणि वॉर्डात निवेदनावर सही करतो, असे घडत असेल तर शाखेने त्याला बोलावून घ्यावे आणि त्याच्याबरोबर त्या वस्तीत जावे. काही मते जातील. निवडणूक हरण्याचा धोका पत्करूनही ज्याच्याजवळ मत नाही त्याची बाजू घेता येत नसेल, तर मिळालेल्या मतांचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हे त्या शाखेने एकदा बसून ठरवावे.