चौरंगाची फळी आणि बार क्लॅम्प

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत क्लॅम्पवर भाषण कशाला, असे दोघा-तिघांनी विचारले. संबंध चौरंगाचा आहे. आपल्या हुबळी-धारवाडात जुनी घरे उतरवली जात आहेत. त्यांतल्या दारांचे, माळ्यांचे सागवान मिळेल त्या भावाने जाते, आणि त्याच घरात गणपतीला बसायला प्लायवर सनमायका चिकटवलेला चौरंग विकत येतो. हल्याळ-दांडेलीचे जंगल इतके जवळ असून अशी वेळ यावी, याचे मला वाईट वाटते.

लाकूड विकण्यामागे अडचणही खरी असते. जुने तुकडे चार-सहा इंच रुंद निघतात, चौरंगाला तर अठरा इंच लागतात. म्हणजे कडेला कड लावून फळ्या जोडायच्या. रंधा, करवत, फेविकॉल घरात असते. फेविकॉल १९५९ पासून आपल्याकडे आहे. नसते ते सांधा वाळेपर्यंत दाबून धरणारे साधन.

हे साधन नवे नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लोखंडी धाव तापवून लाल करायची, ती फुगली की लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सगळे आरे, सगळे सांधे एकदम आवळले जातात. तो एक प्रचंड क्लॅम्पच, फक्त कायमचा. फळ्यांसाठी आपले सुतार, इथले बडिगेर, दोन दांडके घट्ट बसवून मध्ये फळ्या ठेवतात आणि समोरासमोर दोन पाचरी ठोकतात. ही युक्ती आजही चालते आणि खर्च शून्य. पण पाचर ठोकताना ओली फळी सरकते, म्हणून नवख्याला स्क्रूचा क्लॅम्प बरा.

आता जोर किती लागतो ते बघू. सागासारख्या लाकडाला सांध्याच्या दर चौरस इंचावर साधारण ७० किलोचा दाब हवा. १८ इंच लांब आणि पाऊण इंच जाड फळीचा सांधा झाला साडेतेरा चौरस इंच. म्हणजे जवळजवळ साडेनऊशे किलो! एका हाताने दाबायचे पिस्तुलासारखे जे क्लॅम्प हौशी लोकांना फार आवडतात, त्यांतल्या मध्यम आकाराच्याचा जोर दीडशे किलोच्या आतबाहेर असतो. तसे सहा-सात लागतील. तुकडा तात्पुरता धरायला ते उत्तम, फळ्या जोडायला नव्हेत. मजबूत बार क्लॅम्प किंवा पाइप क्लॅम्प सहज चारशे किलोच्या पुढे जातो. असे तीन पुरतात.

बार क्लॅम्प घेताना लोक जबडा बघतात. मी आधी दांडा बघतो. स्क्रू दांड्यापासून दूर असतो, त्यामुळे आवळल्यावर दांडा धनुष्यासारखा वाकू पाहतो आणि त्याच्याबरोबर तुमची फळीही वाकते. वाकण्याच्या दिशेने दांड्याची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, म्हणून पातळ पट्टीपेक्षा टी आकाराचा दांडा थोडा महाग असला तरी घ्यावा. दुकानातच लाकडाचा तुकडा धरून पूर्ण आवळा आणि दांड्यावरून एका डोळ्याने बघा. दुकानदार हसला तर हसू दे. जबडे समांतर राहतात का, सरकता जबडा घसरतो का, स्क्रूचे आटे जाड, चौकोनी आहेत का, हेही तिथेच कळते.

जर्मनीच्या बेसी कंपनीने १९३६ मध्ये पूर्ण पोलादी स्क्रू क्लॅम्प काढला. तोवर बिडाचे जबडे जास्त होते. बीड वाईट नाही, पण हातातून फरशीवर पडले की तडकते.

खिशाला परवडणारा मार्ग पाइप क्लॅम्पचा. फक्त दोन टोके विकत घ्यायची आणि प्लंबिंगच्या दुकानातून पाऊण इंची जीआय पाइप कापून एका टोकाला आटे पाडून घ्यायचे. निळ्या पट्ट्याचा मध्यम जाडीचा पाइप घ्या, पिवळ्याचा पातळ नको. टोक बरोबर न्या आणि आटे बसतात हे बघूनच पैसे द्या. चौरंगासाठी अडीच फुटी पाइप पुरे. पुढे दिवाणाची फळी करायची झाली तर टोके तीच, पाइप लांब. लांबीची ही सोय बार क्लॅम्पमध्ये नाही, म्हणून पहिल्या खरेदीसाठी माझे मत पाइपलाच.

लावताना दोन खालून आणि मधला एक वरून, म्हणजे वाक एकमेकांना तोडतो. कडेला जबड्याखाली टाकाऊ पट्टी ठेवा, तिच्यामुळे दाब पसरतो आणि खड्डा पडत नाही. ओल्या फेविकॉलला लोखंड लागले की लाकडावर काळा डाग उमटतो आणि तो खोल जातो. पाइपवर प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले.

एक गोष्ट मात्र क्लॅम्प करणार नाही. तो सांधा धरतो, जुळवत नाही. फळ्या कोरड्याच शेजारी ठेवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर रंधा पुन्हा चालवा. जोर लावून मिटवलेली फट उन्हाळ्यात उघडते. साग तेलकट असतो, म्हणून रंधून झाल्यावर त्याच दिवशी जोडा. जुन्या लाकडावर रंध्याआधी लोहचुंबक फिरवा, मोडके खिळे आत असतातच. फेविकॉलची बारीक माळ सांध्यातून बाहेर आली की आवळणे थांबवा. सगळेच पिळून निघाले तर सांधा उपाशी राहतो. श्रावण-भाद्रपदात हवा दमट, पांढरा डिंक पाणी सोडूनच वाळतो, तेव्हा रात्रभर हात लावू नका.

तीन पाइप क्लॅम्प प्रत्येक घरात हवेत असे मी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू आहे. मंडळाच्या कपाटात पेटी-तबल्याशेजारी सहा टोके आणि तीन पाइप ठेवले, वहीत नाव लिहून नेले-आणले, तर पुढच्या भाद्रपदाच्या आत दोन-चार चौरंग तरी होतील. पहिले टोक मी देतो.