जिवाणूची मोटार दिशा कशी पालटते?



हिरण्यकेशीच्या काठी एखाद्या मळ्यात नवी मोटार बसवली आणि ती उलटी फिरू लागली, तर पंप घरघरतो, पण पाणी धड चढत नाही. वायरमन येतो, तीन तारांपैकी दोहोंची अदलाबदल करतो आणि मोटार सुलट फिरू लागते. संकेश्वर परिसरातील शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. परंतु नदीनाल्यांच्या पाण्यात राहणाऱ्या कितीतरी जिवाणूंच्या अंगीही मोटारी असतात आणि त्या क्षणाक्षणाला आपली दिशा पालटतात. तेथे तारा बदलणारा कोणी नाही. मग हा पालट घडतो कसा?

लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने १६७६ साली आपल्या भिंगातून पाण्यातले जिवाणू वळवळताना पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. पुढे त्यांच्या अंगावरचे केसाहून कितीतरी बारीक तंतू दिसू लागले. त्यांना मराठीत कशाभिका म्हणतात. कशा म्हणजे चाबूक. नावात चाबूक असल्यामुळे म्हणा, किंवा माशाच्या शेपटीची सवय असल्यामुळे म्हणा, हा तंतू फटकाऱ्यासारखा हलत असावा असाच समज दीर्घकाळ होता. १९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि अँडरसन यांनी तो मुळापासून गरगर फिरतो, असे साधार मांडले. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी त्याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. त्यांनी तंतूचे टोक काचेला चिकटवून टाकले. तंतू जखडला गेला तेव्हा जिवाणूचे अंगच त्याच्याभोवती फिरू लागले! इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला अशा चारपाच कशाभिका असतात. बाहेरून पाहणाऱ्यास त्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसतात, तेव्हा त्यांची एक वेणी वळली जाते आणि जिवाणू सरळ पोहतो. एखादी जरी काट्यांच्या दिशेने फिरली, तरी वेणी उसवते, जिवाणू जागच्या जागी कोलांटतो आणि पुढची धाव भलत्याच दिशेने घेतो. धाव साधारण सेकंदभराची, कोलांटी त्याच्या दशांशाची. त्याला सुकाणू नाही. अन्नाची गोडी वाढत आहे असे जाणवले की तो कोलांटी लांबवतो, एवढेच त्याच्या हाती असते. त्यासाठी तो गेल्या सेकंदाची चव त्याआधीच्या तीनएक सेकंदांच्या चवीशी ताडून पाहतो. ज्या जिवाणूंची मोटार बिघडून एकाच दिशेला अडकते, त्यांची गत मोठी उद्बोधक आहे. काही नुसते सरळ धावत राहतात, काही नुसते कोलांटत राहतात. अन्नाचा माग दोघांनाही काढता येत नाही.

दिशा पालटण्याचा निरोप नेतो 'चे-वाय' नावाचा प्रथिनाचा रेणू. त्याला फॉस्फेट चिकटले की तो मोटारीच्या बुडाशी असलेल्या कड्याला जाऊन बिलगतो. हे कडे चौतीसेक सारख्या घटकांचे असते. निरोप्यांची संख्या थोडीशी वाढली तरी कड्याचा कल एकदम फिरतो, हे २००० साली मोजून दाखवण्यात आले. सर्व घटक जवळपास एकाच वेळी कसे कलतात, यावर मात्र अजून मतभेद आहेत.

मोटारीला बळ मिळते ते पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघातून. मोटार सुलट फिरो वा उलट, हा ओघ बाहेरून आतच वाहतो. वायरमनची युक्ती येथे लागू पडत नाही ती यामुळे. खरा उलगडा २०२० नंतर झाला. कड्याशेजारी भिंतीत रोवलेले स्टेटर स्थिर असतात, अशी पूर्वीची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यातील पाच घटकांची चकती स्वतःच फिरते, आणि तीही नेहमी काट्यांच्याच दिशेने, असे दिसून आले. मग कडे दोन्ही दिशांना कसे फिरते? उसाच्या चरकातील शेजारच्या दोन लाटा परस्परविरुद्ध फिरतात, हे या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे. चकती कड्याला बाहेरून भिडलेली असते तेव्हा तसेच घडते आणि कडे काट्यांच्या उलट फिरते. निरोप्या बिलगला की कड्याचे घटक आपली ठेवण बदलतात, कडे रुंदावते आणि चकती त्याच्या आतल्या कडेला भिडते. आतून भिडलेले चाक कड्याला आपल्याच दिशेने नेते. इंजिन तेच, त्याची फिरकी तीच. बदलते ती केवळ भिडण्याची बाजू. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांनी ही रचना बारकाव्यांसह समोर आणली.

या शोधकथेत एक मराठी वळणाचे आडनाव भेटते. हार्वर्डला बर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम करताना पुष्कर लेले यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली दाखवले की हे कडे घडीव लोखंडासारखे कायमचे नसते. निरोपे कमी पडले आणि मोटार काट्यांच्या उलटच फिरत राहिली, तर कडे निरोप्याला धरणारे आणखी घटक जोडून घेते. त्यामुळे थोड्या निरोप्यांतही ते पुन्हा पालटू शकते. मोटार चालू असतानाच तिची दुरुस्ती व्हावी, तसा हा प्रकार आहे.

याचा माणसाच्या जगण्यामरण्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या भागात पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत असत, तेथे हा प्रश्न गैर नाही. पटकीच्या जिवाणूला एकच कशाभिका असते. २००४ साली बटलर आणि कॅमिली यांनी उंदराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत, या जिवाणूची मोटार काट्यांच्या उलट अडकली तर त्याची लागण करण्याची शक्ती वाढते आणि काट्यांच्या दिशेने अडकली तर घटते, असे आढळले. शिवाय रोग्याच्या जुलाबातून बाहेर पडणाऱ्या जिवाणूंमध्ये अन्नाचा माग काढणारी यंत्रणा दबलेली असते. म्हणजे रोग्याकडून पाण्यात उतरणारा जिवाणू पुढच्या माणसाला गाठण्यास अधिक सज्ज होऊनच आलेला असतो.